समद्या लग्नांत व्हती माय

आमच्या घरात अक्षर पहिल्यांदा आलं ते सिंधूसंगं. सिंधू म्हंजे माझी धाकटी बहीण. माझ्या वाट्याला शाळा आली ती पावसाळ्यापुरती. आमची मेंढरं उन्हाळाभर मुलखात फिरायची, पाऊस पडला की गावाला यायची, मेंढरासंगं आमी यायचो, आन मास्तरनं माझं नाव हजेरीत घालंपर्यंत आमी परत निघायचो. मास्तर म्हणायचे, हे पोरगं शाळेत पाव्हण्यासारखं येतंय, च्या पाजून वाटंला लावा त्याला. सिंधू जन्मली तव्हा बानं निम्म्याहून जास्त मेंढरं इकून टाकल्ती, गावातच राह्यचं ठरवल्तं, म्हणून तिला शाळा बराबर भेटली. ती बारावी झाली, जालन्याला जाऊन कॉम्प्युटरचा कोर्स केला. मी एस्टीच्या पाट्या वाचून अक्षर शिकलो. अंबड, मंठा, जालना हे तीन शब्द मला लै जल्दी आले, आन त्यातल्या अक्षरांवर मी कैक वर्षं काढली. आतासुदिक हे समदं मी बोलून राह्यलो आन सिंधूची लेक टायपून राह्यली. मधी मधी ती म्हणती, मामा, हे असं लिहायचं नसतं. मी म्हणतो, तू टायप, हसायचं असंल तर मागून हास.

अंबडला स्टँडजवळ बंडूशेठचा फोटो स्टुडिओ व्हता. तिथं मी लागलो ते बत्ती धरायला. लग्नाच्या शूटिंगला एकानं मोठी बत्ती धरून नवरीच्या तोंडावर मारायची असती, ती मी. पहिल्याच लग्नात मी बत्ती धरल्या धरल्या पंगतीकडं बघत राह्यलो आन नवरीच्या मामाच्या फेट्याला धूर निघायला लागला. मामाला वाटलं कुणीतरी इडी वढतंय. अशी माझी सुरवात. तरी बंडूशेठनं मला काढलं न्हाई. त्याचं कारण त्यो नेहमी सांगायचा, तुझ्यासारखा गाढव कमी पगारात दुसरा भेटायचा न्हाई. हळूहळू कॅमेरा हातात आला. आन एक गोष्ट मातर खरी, माणूस कव्हा हसणार हाय हे मला आधी कळायचं. मेंढरू कव्हा बिथरणार हे जसं कळतं, तसंच.

माय त्याच लग्नांत असायची. नारायणमामा म्हणून आमच्या गावचा आचारी व्हता, त्याच्या हाताखाली माय पुऱ्या लाटायला जायची. बहुतेक लग्नांत मंडपाच्या म्होरच्या अंगाला मी आन मागच्या अंगाला ती. मंगलाष्टकं संपली, अक्षदा पडल्या, की मी कॅमेरा गळ्यात घालून मागं जायचो. तिथं मोठी कढई, तेलाचा वास, धूर, आन चार-पाच बायका परातीभोवती बसून लाटून राह्यलेल्या. माय मला बघून लाटणं थांबवायची न्हाई, नुसती एक फुगलेली पुरी कढईतून काढून पत्रावळीवर ठेवायची आन पायानं माझ्याकडं सरकवायची. पायानं कामून, तर हाताला पीठ. मी तिथंच उभ्या उभ्या खायचो, तोंड भाजायचं. नारायणमामा वरडायचा, "पार्टी अजून जेवली न्हाई, आन ह्यो कॅमेरावाला जेवून राह्यला." माय म्हणायची, "त्याला चव बघायला लावली मामा, कच्ची असंल तर त्यो मरंल, पार्टी वाचंल."

मायला दोन म्होरचे दात न्हवते. तरणी असताना एका एडक्यानं ढुशी मारल्ती. तव्हापासून हसू आलं की पदर तोंडात. आन तिला हसू सारखंच यायचं, त्यामुळं पदराचा तेवढा कोपरा नेहमी चावून चावून वला असायचा. कॅमेरा तिच्याकडं वळवला की ती पाठ फिरवायची, न्हाई तर परात तोंडाम्होरं धरायची. मी कैक बारी डाव टाकले. एकदा झाडामागून, एकदा लाकडाच्या ढिगाऱ्यावर चढून. ढिगारा घसरला, मी खाली, कॅमेरा वर धरलेला, समद्या बाया हसून लोळल्या, आन त्या हसण्यात माय पदर तोंडात घालून पार वाकलेली. त्यो फोटो निघाला त्यात नुसतं आभाळ.

सांजच्याला घरी आलो की चूल भाईर पेटलेली असायची. राह्यलेली थोडी मेंढरं आंगणात, त्यांच्या गळ्यातली घंटी कव्हा कव्हा वाजायची, बा खोकत तकलीवर लोकर कातून राह्यलेला. लग्नातून आल्यावर माय परत भाकरी थापायला बसायची. दिसभर पुऱ्या लाटून हात दमला नसंल का, हे तव्हा कुणी इचारलं न्हाई. भाकरीचा टप टप आवाज आला की समजायचं, घर चालू हाय. फडक्यात बांधून आणलेली बुंदी ती आदी बाच्या म्होरं ठेवायची. बा म्हणायचा, "मला गोड नको." आन समदी खायचा.

मंग रीळ गेलं आन डिजिटल आलं. बंडूशेठनं कॉम्प्युटर आणला, त्याला हार घातला, नारळ फोडला आन त्याच्याजवळ जायाचं सोडून दिलं. त्याला वाटायचं हात लावला की बिघडंल. म्हणून अल्बम लावायला सिंधूला ठेवलं. माझ्याकडं आलं येगळंच काम. एका लग्नाचे फोटो म्हंजे पोतंभर. त्यातला यकयक फोटो उघडायचा, बारका करायचा, कोपऱ्यात स्टुडिओचं नाव टाकायचं, गावाचं नाव देऊन ठेवायचा, बंद करायचा, की दुसरा. ऐन सीझनात मी दुपारच्या दुपारी हेच करून राह्यलेलो. मनगट सुजलं. मायनं हळद लावली आन इचारलं, काय उचलतो रं तिथं? मी म्हणलं, फोटो. ती म्हणली, लै जड असत्यात का?

सिंधू चार-आठ दिस बघत राह्यली. मंग एका दुपारी म्हणली, "दादा, तू यकयका फोटोला हात कामून लावतो? त्याला एकदाच सांगून दे की, समद्यांला असं असं कर म्हणून."

"कुणाला सांगू?"

"कॉम्प्युटरला."

मी कॉम्प्युटरकडं बघून मोठ्यानं म्हणलं, बाबा रं, समदे बारके कर. बंडूशेठ भाईरून आत डोकावला. सिंधूनं कपाळावर हात मारून घेतला.

तिनं एक काळी खिडकी उघडली. त्यात चित्र न्हाई, रंग न्हाई, नुसती एक बारकी रेघ लुकलुकत व्हती. तिथं लिहून सांगायचं असतं म्हणली. लिहिलेलं जपून ठेवलं की त्याला स्क्रिप्ट म्हणत्यात, एकदा लिहिली की जनमभर वापरायची. मला मराठीच धड येईना, हे इंग्रजी. त्यात घोळ असा की बटनावर अक्षर एक आन पडद्यावर उमटायचं दुसरंच. बटनावरची मोठी एबीसीडी, पडद्यावर बारकी. मला कुणी सांगितलंच न्हवतं की त्या दोन्ही एकच हायेत. मी दोन दिस समजत व्हतो की आमचा कीबोर्ड खराब हाय, बंडूशेठला बदलून आण म्हणून सांगितलंबी. सिंधू हसली न्हाई. तिनं पांढऱ्या चिकटपट्टीचे तुकडे करून बटनांवर बारकी अक्षरं लिहून चिकटवली. त्या स्टुडिओत माझ्यासाठी कुणी केलेलं ते सगळ्यात चांगलं काम.

फॉर, मंग टक्क्याची खूण दोनदा, मंग एक अक्षर, मंग इन, कंसात फोटो, मंग डू. टक्क्याची खूण बघून मी इचारलं, व्याज कुणाला द्यायचं? सिंधू म्हणली, ते व्याज न्हाई, ती पाटी हाय. जो फोटो म्होरं येईल त्याच्या गळ्यात ती पाटी. त्याचं काम झालं की पाटी दुसऱ्याच्या गळ्यात. आन कंसात तिनं चांदणी टाकली. चांदणी म्हंजे समदे. मधला, कोपऱ्यातला, चांगला, वाईट, जे असंल ते समदे.

मंग माझ्या डोक्यात उजेड पडला. आमी मेंढरं रातीला वाघुरीत कोंडायचो. वाघूर म्हंजे जाळीचं कुंपण. सकाळी त्याचं तोंड एक मेंढरू निघंल एवढंच उघडायचं, बा तिथं उकिडवा बसायचा, जे मेंढरू निघंल त्याची मान धरायची, खूर बघायचा, सोडायचं, की दुसरं. बाला मेंढराचं नाव लागत न्हवतं. जे हातात आलं ते 'हे'. मी सिंधूला म्हणलं, अगं हे तर बाचं काम हाय. ती म्हणली, व्हय, तेच. फक्त इथं खूर न्हाई, फोटो हाय.

पहिली स्क्रिप्ट म्या लिहिली ती नावं बदलायची. हरेक फोटोच्या म्होरं अंबड लावायचं. चालू केली आन च्या प्यायला गेलो. येऊन बघतो तर अजून चालूच. एकाच फोटोचं नाव अंबड अंबड अंबड अंबड करत पडद्याच्या भाईर गेल्तं. नाव बदललेला फोटो फिरून परत त्याच लायनीत येऊन राह्यला व्हता आन मशीन त्याला परत अंबड लावून राह्यली व्हती. निघालेलं मेंढरू मागून जाळीखालनं आत घुसावं, तसं. सिंधूनं सांगितलं, झालेले फोटो येगळ्या फोल्डरमधी टाकायचे. आन अजून एक नेम घालून दिला. आदी मशीनला नुसतं नाव घ्यायला लावायचं, कुणाकुणाला हात लावणार हाय ते सांगू दे, आपण बघायचं, मंगच हात लावू द्यायचा. तिसरी अडचण दोन शब्दांमधल्या मोकळ्या जागेची. मी फोल्डरला 'मंठा लग्न' असं नाव दिलं, तर मशीन मंठा येगळं समजली आन लग्न येगळं, दोन्हीबी सापडंनात. मंग नावाच्या दोन्ही बाजूंनी अवतरणाच्या खुणा घालायच्या. सिंधू त्याला कुंपण म्हणायची. "दादा, कुंपण राह्यलं," असं ती तिकडून अल्बम लावता लावता म्हणायची. न बघता. मी चिडायचो, बघायचो तर राह्यलेलंच असायचं.

ज्या दिशी समदं बराबर चाललं, त्या दिशी मी खुर्चीवर हात बांधून बसलो आन मशीन एकटी काम करत व्हती. नावं खालून वर पळत व्हती. घरी येऊन मायला सांगितलं. ती म्हणली, "मंग तू काय करतो तिथं बसून?" बा तकली फिरवत म्हणला, "झोपतो." माय पदर तोंडात घालून हसली, आन तव्यावरची भाकर करपली. आमच्या घरातलं माझं कौतुक एवढंच. पण ते मला पुरलं.

पुढच्याच उन्हाळ्यात माय गेली. मे महिना, लग्नांची दाटी, जालन्याकडचं ऊन तुमाला सांगायला नको. ती हसनाबादकडच्या एका लग्नात दिसभर कढईजवळ व्हती. मी त्या दिशी मंठ्याला दुसऱ्याच लग्नात. सांजच्याला ती टेम्पोतून उतरली, घरात आली, पाणी मागितलं. सिंधू पाणी घेऊन येईस्तोवर भिताडाला टेकून बसली आन तशीच राह्यली. दवाखान्यात नेलं, डॉक्टर म्हणले ऊन लागलं. मला बंडूशेठच्या मोबाइलवर निरोप आला. त्यानं मला फक्त सांगितलं, माय सिरीयस हाय, माझी गाडी घेऊन जा. रस्ताभर मी इचार करून राह्यलो की उद्या तिला सलाईन लागंल, भाकरी कोण थापंल. बघा, माझं डोकं. घरापशी आलो तर भाईर चपला. तेवढ्या चपला आमच्या दारात कव्हाच आल्त्या न्हाईत.

आमच्याकडं दहाव्याला पाटावर गेलेल्या माणसाचा फोटो ठेवत्यात, हार घालत्यात, पाव्हणे येऊन पाया पडत्यात. समद्या तालुक्यातल्या अशा फोटोंचं काम आमच्याच स्टुडिओत यायचं. म्हातारी माणसं कुठं फोटो काढायला बसत्यात, मंग कुणाच्यातरी लग्नाच्या फोटोत कोपऱ्यात सापडलेलं तोंड कापायचं, मागं निळा रंग भरायचा, उघडं डोकं असंल तर फेटा बसवायचा. किती म्हाताऱ्यांना म्या असे फेटे बांधलेत. आन आता सुतार मामा फ्रेम घेऊन दारात आला, म्हणला, फोटो दे रं, मापाची करतो. मी घरात गेलो आन भाईर आलोच न्हाई. मतदान कार्ड व्हतं, पण त्यावर माय हाय का भाजलेलं वांगं, काई कळंना. दुसरा कुठंच न्हाई. मोठा फोटोग्राफर घरात.

 दुसऱ्या दिशी सकाळी मेंढरं सोडता सोडता बा म्हणला, "एखांदा असंल रं. बघ." बानं माझ्याकडं जनमात काई मागितलं न्हवतं. मेंढरं इकली तव्हाबी न्हाई, खोकल्याच्या औषिधालाबी न्हाई. ते 'बघ' घेऊन मी अंबडला गेलो.

बंडूशेठनं उपाय सांगितला. वाईट मनानं न्हाई, धंद्यातला उपाय. म्हणला, सिंधूचं नाक-डोळे सेम मायवर हायेत. तिला मायचं लुगडं नेसवून बसव, फोटो काढ, केस पांढरे कर, दोन सुरकुत्या टाक, कुणाला कळतंय. आमी असे कैक जणांचे फोटो केल्ते, म्हणून मला ते तव्हा लै वाईट वाटलं न्हाई. सिंधू मायचं लुगडं नेसून आली. त्याला अजून तेलाचा वास येत व्हता. म्या फोटो काढला. मंग ती स्वतःच कॉम्प्युटरवर बसली आन स्वतःचे केस पांढरे करायला लागली. कपाळावर आडव्या रेघा, डोळ्याखाली काळं. बाई तयार झाली, कुणाचीतरी माय, चांगली देखणी. सिंधू तिच्याकडं बघत राह्यली आन मंग तिनं पडदा बंद केला.

"दादा, मला मी मेलेली दिसून राह्यले."

 लाइट गेली, पंखा थांबला. बऱ्याच वेळानं लाइट आली तव्हा सिंधू म्हणली, "माय समद्या लग्नांत व्हती की. कुठंतरी मागं असंलच. आपण हुडकू."

लग्नं किती, फोटो किती, त्याला काई सुमार न्हवता. यकयक उघडून बघायचं म्हणलं तर दहावा काय, वर्षश्राद्ध उजाडलं असतं. म्हणून स्क्रिप्ट. ही म्याच लिहिली, सिंधूनं हात लावला न्हाई, नुसती बाजूला बसली. जेवढ्या लग्नांत नारायणमामाची कढई व्हती तेवढ्या लग्नांचे फोल्डर घ्यायचे, त्यातला यकयक फोटो घ्यायचा, बारका करायचा, आन एका जागी आणून टाकायचा. फॉर, पाटी, इन, कंस, चांदणी. आदी नुसती नावं घ्यायला लावली, मंग हात लावू दिला. कुंपणं समदी घातली. नावं पडद्यावर पळायला लागली आन मला वाटलं, ह्या पळत्या नावांत कुठंतरी माय पळून राह्यली.

पण जमा झाले ते अगदीच थोडे. एवढ्या लग्नांचे एवढेच? सिंधू काळ्या खिडकीकडं बघत व्हती, तिला आदी कळलं. कॅमेरा हरेक लग्नात फोटोला तेच नंबर देतो, आन नावं बदलायच्या आदीच्या जुन्या लग्नांचे फोटो तसेच पडून व्हते. मंठ्याचा पहिला आन हसनाबादचा पहिला, दोघांचं नाव एकच. एका जागी आणले तर दुसरा पहिल्याच्या उरावर बसायचा, तिसरा दुसऱ्याच्या. एका लग्नानं दुसरं लग्न पुसून टाकलं व्हतं. असल जागेवर समदे शाबूत व्हते, गेले ते फक्त जमा केलेले. पण मला घाम फुटला. म्या परत लिहिली, ह्या बारीला हरेक नावाच्या म्होरं गावाचं नाव, झालेले येगळ्या फोल्डरमधी. घाईत टक्क्याची खूण एकदाच पडली, मशीन रुसली. सिंधू हळूच म्हणली, "दोनदा, दादा." ह्या बारीला समदे आले.

आता सिंधूची लेक मला सांगून राह्यली की मोबाइल हल्ली स्वतःच तोंडं हुडकून येगळी करतो. करत असंल. आमाला तव्हा डोळ्यांनीच बघावं लागलं, आन त्याचं मला वाईट वाटत न्हाई. आमी दोघं पडद्याला नाक लावून बसलो आन माय सापडायला लागली. तुकड्यातुकड्यानं. एका पंगतीच्या फोटोत वाढपी पोराच्या मागून नुसता तिचा हात, मनगटावर पीठ. एकात धुरातून एक कान, त्यातली फुली. एकात परातीच्या मागं लुगड्याचा काठ. एका नवरीच्या भावाच्या खांद्यावरून तिचं कपाळ दिसलं, आमी श्वास धरून ते मोठं केलं, तर खाली पदर, पार डोळ्यापर्यंत. ती हसून राह्यली व्हती. कशाला हसली असंल ते त्या फोटोत न्हवतं. सिंधू म्हणायची, ही, ही, ही बघ. तिचा आवाज हळूहळू बारीक व्हत गेला. शेवटचं फोल्डर संपलं. इतक्या लग्नांत इतक्या बारी माय, आन तोंड एकाबी फोटोत न्हाई.

दुसऱ्या दिशी मी बाला स्टुडिओत घेऊन गेलो. का नेलं ते मला सांगता येणार न्हाई. न्हाई सापडला, हे घरात सांगायची हिंमत न्हवती, एवढंच असंल. बानं पायातल्या वहाणा भाईर काढल्या, देवळात काढत्यात तशा. बंडूशेठनं त्याला खुर्ची दिली, त्यो खाली उकिडवा बसला. म्हणला, इथून बराबर दिसतंय. सिंधूनं मायचे जेवढे तुकडे सापडले तेवढे येगळे काढून ठेवल्ते. ते एकामागं एक सोडले.  हात, कान, काठ, धूर. मंग एक फोटो आला त्यात माय पाठमोरी. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर रिकामी परात, मंडपातून भाईर उन्हात निघालेली, एक टाच उचललेली. म्होरं नुसतं शेत.

"थांब," बा म्हणला. "ही."

सिंधू म्हणली, "बा, ह्यात तोंड दिसत न्हाई मायचं."

"मला कुठं दिसायचं," बा म्हणला. त्यो पडद्याकडंच बघत व्हता. "घोडं घेऊन ती म्होरं. घोड्यावर हंडे, कोंबड्या, ह्यो पोरगा. मंग मेंढरं. आन मेंढरांच्या मागं मी. समदा मुलूख आमी असाच फिरलो. म्या तिला ह्याच अंगानं बघितलं. लांबून पाठ दिसली की वाटायचं, चाललं हाय बराबर." मंग जरा थांबून म्हणला, "हीच कर मोठी."

 सिंधू भाईर गेली. फोटो म्याच मोठा केला. मागं निळा रंग भरला न्हाई, ऊन तसंच ठेवलं.

दहाव्याला पाटावर मायचा त्यो फोटो ठेवला, समद्यांकडं पाठ करून. पाव्हणे आले ते गोंधळले. कुणी पाया पडावं का न्हाई म्हणून घुटमळलं. नारायणमामा मातर त्याच्याम्होरं येऊन लहान पोरासारखा रडला, म्हणला, चालली बघा परात घेऊन. मायची थोरली बहीण, आमची मावशी, मोतीबिंदू झालेली, काठी टेकत आली. तिनं फ्रेम हातात घेतली, डोळ्याजवळ नेली, लै वेळ बघितली. मंग उलटी केली. दुसऱ्या अंगाला तोंड असंल म्हणून. मागं पुठ्ठा आन बारके खिळे. त्यावरून तिनं हात फिरवला, फ्रेम परत सरळ केली, पाटावर ठेवली, आन हार सरकल्ता त्यो नीट केला. कुणी हसलं न्हाई. मीबी न्हाई.

फोटो अजून भिताडावर हाय. घरात कुणी नसलं की कव्हा कव्हा मी त्यो उतरवतो, पुसायच्या निमतानं. त्याच्या मागं काय हाय हे मला चांगलं ठाव हाय, खिळे म्याच ठोकलेत. तरी पुसून झालं की उलटा करून बघतो.